दुधनेचा बाप

सेलूच्या बाजारात आमच्या घरमालकांना लोक 'दुधनेचा बाप' म्हणत. दुधना ही गावाजवळून वाहणारी नदी, आणि हे नाव थट्टेने पडलेले होते. परंतु त्यांनी ते एखाद्या पदवीप्रमाणे धारण केले होते. दुकानासमोरून जाताना कोणी हाक मारी, "काय दुधनेच्या बापा, लेक काय म्हन्ती?" हातातले पान खाली न ठेवता ते गंभीरपणे उत्तर देत, "सुकलीय जरा. पर येईल अंगावर आखाडात." विचारणाराच ओशाळून पुढे सरके.

त्यांचे दुकान पत्रावळी आणि द्रोणांचे. मी तेथील शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि त्यांच्या दुकानावरील माडीत भाड्याने राहत असे. जिंतूरकडच्या माळावरून पळसाच्या पानांचे भारे येत. ते एकेक पान उजेडाकडे धरून पाहत, नासके बाजूला काढीत आणि उरलेली बारीक काड्यांनी टोचून त्यांची गोल पत्रावळ करीत. पंचक्रोशीत एकही लग्न, एकही भंडारा असा होत नसे की ज्याच्या पंगतीखाली त्यांच्या हातची पाने नाहीत. परंतु सबंध गावाला पंगतीस बसविणारा हा मनुष्य स्वतः दुकानामागील खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवत असे. मी एकदा कारण विचारले.

"समोर मोकळी जागा दिसली की घास उतरत न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "भित बरी. भित कुटं उठून जात न्हाई."

पत्नी वारल्यापासून ही त्यांची रीत होती. अपत्य एकच, ती कन्या. आणि ती दूर, कोकणातल्या एका बंदराच्या गावी दिलेली. जावई मूळचा चारठाण्याचा. बंदराच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून आई आणि पत्नी यांना घेऊन तिकडे गेला. पुढे त्या सासूबाई अर्धांगाने अंथरुणास खिळल्या आणि मुलीचे माहेरी येणे थांबले. काही तासांपलीकडे तिला घर सोडता येत नसे. उरला तो बापच. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, ते फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात दुधनेचे पाणी भरून घेत आणि निघत.

पाणी नेण्याचे कारण सर्वश्रुत होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही ही आपल्याकडची जुनी चाल. बहुतेक लोक ती वर्ष-दोन वर्षे पाळतात आणि पाळणा हलला की विसरतात. या मुलीच्या घरी पाळणा हललाच नाही. तिच्या आईने म्हणून ठेविले होते, "नातवाचं तोंड बघीन, मंगच लेकीच्या घरचं पानी पिईन." ती माऊली तशीच गेली. त्यानंतर या चालीला त्यांच्या मनात व्रताचे रूप आले. लोक म्हणत, हट्टी आहे. मी माडीवरून त्यांना रोज पाहत होतो. मला तो हट्ट वाटत नसे.

हट्ट त्यांच्यापाशी निराळा होता, आणि तो पाहण्यासारखा असे. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे होते. गावोगाव मने तापलेली होती, कधी एस.टी. बंद, कधी शाळा बंद. अशात एक प्रतिष्ठित गृहस्थ मुलाच्या मुंजीसाठी पत्रावळी घ्यायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या वस्तीला देता त्या भाऱ्यातल्या नको बरं का. आमच्या येगळ्या काढा."

आमच्या मालकांनी डोक्यावर टोपी घातली, चपला पायांत सरकविल्या. "बसा मालक. पळसाला इचारून येतो," असे म्हणून ते नदीच्या वाटेने निघून गेले. गृहस्थ ताटकळत बसले. बऱ्याच वेळाने हे सावकाश परत आले, टोपी खुंटीला अडकविली आणि म्हणाले, "पळस म्हन्ला, मला काय म्हाईत न्हाई बा कोन कोन हाय ते." मग त्याच भाऱ्यातल्या पत्रावळी मोजून बांधून दिल्या. गृहस्थांनी त्या मुकाट्याने नेल्या, कारण दुसरे दुकान गावात नव्हते.

आता दुधनेविषयी. नद्यांना ते मुली मानीत. दुधना धाकटी, पूर्णा मधली, आणि गोदावरी, जिला आपल्याकडे गंगाच म्हणतात, ती थोरली. धाकटी मधलीच्या घरी जाते, मधली थोरलीच्या, आणि मग तिघी मिळून सासरी, म्हणजे समुद्राकडे. एकदा बोलता बोलता मी त्यांना सांगितले की संस्कृतात समुद्राला 'सरित्पती' म्हणतात. अर्थ, नद्यांचा भर्ता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान लवकर उघडले. येईल त्याला सांगत होते, "शास्त्रातबी जावई हाय. गुरुजींनी कागुद काढून दाखिवला."

मी कोणताही कागद दाखविला नव्हता.

सणावाराला सायंकाळी ते एक ताजा द्रोण घेऊन नदीवर जात. संक्रांतीला त्यात तिळगूळ, नागपंचमीला लाह्या, दिवाळीला करंजीचा तुकडा आणि तुपाची इवलीशी वात. गुडघाभर पाण्यात उभे राहून द्रोण सोडीत आणि पुटपुटत, "माय, वानोळा धाडलाय. घे बग." सुरुवातीला मला वाटले, हे नदीला वाहिलेले आहे. नंतर उलगडले की हा वानोळा कोकणातल्या लेकीसाठी असे. दुधना समुद्राला जाते, लेक समुद्राकाठी राहते. त्यांच्या हिशेबी याहून सरळ वाट दुसरी नव्हती. वळणाआड तो दिवा दिसेनासा होईपर्यंत ते पाण्यातच उभे राहत. दुधनेचे पाणी कोणत्या समुद्राला जाते हे मला ठाऊक होते. परंतु संध्यासमयी एक मनुष्य नदीत हात जोडून उभा असता त्याच्यापुढे नकाशा उघडावा असे मला कधी वाटले नाही.

एका वर्षी निघण्यापूर्वी ते माडीवर आले. "गुरुजी, औंदा तुमी चला संगं. तिथं शास्त्र इचारायला कुनी गावत न्हाई."

"कसले शास्त्र?"

"लेक म्हन्ती, आबा, घरात न्हाई तर न्हाई, भायेर जेवा. बंदरात लाँच फिरती म्हनं, मानसं घेऊन, समदं दाखवीत. म्हन्ती, मी डबा घेते, आपुन त्यात बसू. तिथं तर माझा उंबरा न्हाई. आता सांगा, शिदोरीला दोष हाय का?"

"प्रवासातील शिदोरीला दोष नाही," मी म्हणालो.

"हां, पर लाँच कुटं हाय? समुद्रात. समुद्र कोन? जावई. दुधनेच्या सासरी, त्याच्या अंगनात बसून मी कसा जेवू?"

मला हसू आले नाही. पोर इतक्या वर्षांनी बापाला एकदा स्वतःच्या हातचे वाढू पाहत होती, आणि बापाने सगळी वाट आपल्याच कल्पनेने अडवून ठेविली होती. मी बरोबर निघालो. माझ्याही मनात एक शंका होतीच, समुद्रगमनाच्या निषेधाची. परंतु जी नौका किनारा दृष्टीआड न करता तासाभरात परत येते तिला समुद्रयात्रा म्हणता येत नाही, असा निर्णय मी मनमाडच्या फलाटावरच केला.

रेल्वे, मग मुंबई, मग घाट उतरणारी एस.टी. असे करीत आम्ही पोहोचलो. घर कौलारू, लहान, नीटनेटके. ते दारात थांबले आणि बाहेरच्या ओट्यावर बसले. मुलगी धावत आली, पाया पडली.

"आबा, किती वाळलाव हो!"

"पळसबी वाळतंय माय, मंग पानं फुटत्यात. संक्रांतीचं पोचलं का?"

"पोचलं आबा."

"पंचमीचं?"

"तेबी पोचलं." पुढे मला कळले की हा प्रश्न ते दरसाल विचारीत आणि ती दरसाल हेच उत्तर देई. बाप आशीर्वादाविषयी विचारतो आहे असा तिचा समज होता.

मला आत नेऊन गूळपाणी दिले. मी परका, मला मनाई नव्हती. बाहेर तांब्याची फिरकी उघडल्याचा आवाज आला. तेवढ्यात खाटेवरून त्या आजारी सासूबाईंनी हाक दिली. अंग गेले होते, आवाज शाबूत होता.

"व्याही! आले का आपली हीर घेऊन? आमच्या हिरीत काय जहर हाय का हो?"

"तसं न्हाई व्हीनबाई. चाल हाय."

"चाल हाय! माझा पाय चालंना आन् तुमची चाल थांबंना!"

ओट्यावर हसणे ऐकू आले, आतही. मुलगी मात्र चुलीकडे वळली. तिच्या पाठीवरून मला कळले की या विनोदाला ती फार वर्षे पाठ करून उभी आहे. प्रत्येक खेपेस बाप ओट्यावर बसे आणि सगळ्या आळीला कळे की या घरी अजून मूल नाही. नंतर तिने मला परसाच्या कडेची एक खोली दाखविली. जावयाने ती सासऱ्यांसाठी बांधली होती, दार रस्त्याच्या बाजूने काढले होते.

"आबांना म्हन्लं, इथं राहा. सैपाक तुमचा तुमी करा. तर म्हन्ले, माय, आढं तर तुझ्याच घरचं हाय." तिने कडी लावली. "आता लाँचीलाबी न्हाई म्हन्ले, तर मी पुन्हा इचारनार न्हाई, गुरुजी. माझ्यानं व्हायचं न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी शेजारीण सासूबाईंपाशी बसली आणि आम्ही तिघे धक्क्यावर गेलो. लाँचवर लाकडी बाके, वर ताडपत्री. माहिती सांगणारा एक वृद्ध तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, त्याच्या हातात पत्र्याचा भोंगा. आमच्या मालकांनी चढण्यापूर्वी चपला काढून हातात घेतल्या, टोपी सारखी केली, आणि खालच्या पाण्याला हात जोडून मोठ्याने म्हणाले, "रामराम, जावईबापू."

बाकावरची मंडळी हसली. तांडेल म्हणाला, "काय पाहुणे, ओळख जुनी दिसते!"

"लेक दिलीय त्यांना."

"नशीबवान हो! आमच्याकडनं ह्याने नुसतं घेतलंनच."

लाँच सुटली. तांडेलाचे बोलणे भोंग्यातून येऊ लागले. "डाव्या हाताला जकातघर. इथं पूर्वी वाऱ्यालासुद्धा थांबावं लागे. पुढे बर्फाचा कारखाना. इथला बर्फ माशांच्या उशाला जातो. हे तांबडं पिंप तरंगतंय त्याला बोया म्हणतात. ह्याच्या पलीकडनं मोठी जहाजं, अलीकडनं आपण गरीब." मुलगी मांडीवर डबा घेऊन बसली होती. डब्याच्या झाकणावर तिची बोटे होती. ती बापाकडे पाहत होती आणि बाप समुद्राकडे, पाहुण्याने यजमानाच्या घराकडे पाहावे तसा, थोडा संकोचून.

खाडीचे तोंड आले. तांडेल म्हणाला, "आणि ही इथे आपली नदी समुद्राला मिळते, मंडळी. पाण्याचा रंग बघा, इकडे गढूळ, तिकडे निळा."

आमचे मालक एकदम उभे राहिले. "आन् दुधना कुटून येती?"

"कुठली दुधना?"

"सेलूची. पूर्णेला मिळती. पूर्णा गंगेला, गोदावरीला. ती कोन्या अंगानं येती इथं?"

तांडेलाने भोंगा खाली केला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "पाहुणे, गोदावरी इकडे येतच नाही. डोंगराच्या त्या बाजूचं पाणी सगळं पूर्वेला जातं. तो समुद्र निराळा. पार दुसऱ्या टोकाला."

ते माझ्याकडे वळले. "गुरुजी?"

ज्या कामासाठी त्यांनी मला आणले होते ते हे. मी म्हणालो, "खरे आहे. गोदावरी पूर्वसमुद्राला मिळते. दुधनेचे पाणी इथे येत नाही."

ते खाली बसले. मग म्हणाले, "मंग ते समदं... तिळगूळ, लाह्या, दिवाळीचा दिवा..."

"काय समदं, आबा?" मुलीने विचारले.

त्यांनी मलाच खूण केली. मी थोडक्यात सांगितले, नदी, द्रोण, वानोळा. ऐकता ऐकता तिने पदर तोंडाशी धरला. मग तो काढला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "पोचलं होतं, आबा. मी दरसाली सांगितलं न्हाई का, पोचलं म्हनून?"

त्यांनी मान हलविली. तिच्या म्हणण्याला हो की नाही, ते समजले नाही. त्यांनी त्या अफाट पाण्याकडे पुन्हा पाहिले. या वेळी दृष्टीत संकोच नव्हता, ओळखही नव्हती.

"म्हंजी गुरुजी, ह्यो आपला कुनीच न्हाई."

"नाही."

"सोयरा न्हाई, धायरा न्हाई."

"नाही."

त्यांनी हातातल्या चपला बाकाखाली ठेविल्या. टोपी काढून गुडघ्यावर ठेविली. "मंग इथं बसून जेवायला हरकत न्हाई," ते म्हणाले. "माय, काढ डबा."

तिला ते क्षणभर समजले नाही. मग घाईघाईत तिच्याने झाकण उघडेना. ते त्यांनीच उघडले. त्यांच्या पिशवीत द्रोण आणि पत्रावळी नेहमीच असत. वाऱ्याने त्या उडू लागल्या तेव्हा एका काठावर तांब्या ठेविला, दुसऱ्या काठावर त्यांनी स्वतःचा गुडघा. ज्वारीचे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. पहिला घास त्यांनी द्रोणात ठेविला, लाँचच्या कडेवरून हात खाली घालून पाण्यावर सोडला. तांडेल काही बोलेल असे मला वाटले, पण तो म्हणाला, "सोडा, सोडा. पानच आहे."

"तिचा घास," मला उद्देशून ते म्हणाले. पत्नीविषयी त्यांनी त्या प्रवासात काढलेला हा पहिलाच शब्द.

मग ते जेवले. लेकीच्या समोर, तिच्या तोंडाकडे पाहत. तिने तिच्या घरून आणलेले पाणी ओतले आणि तेही त्यांनी ओंजळीने प्यायले, पुनःपुन्हा. तांडेल भोंग्यातून सांगत होता, "समोर दीपगृह, मंडळी, दीपगृह बघा!" सगळ्यांनी माना वळविल्या, त्या दोघांनी वळविल्या नाहीत. मी दीपगृह पाहिले, कारण त्यांच्याकडे पाहणे मला योग्य वाटेना.

धक्क्यावर उतरल्यावर ती हळूच म्हणाली, "आबा, आता घरी चला. एक घोट."

"तिथं उंबरा हाय, माय."

"जेवलाव की माझ्या हातचं."

"ती तहानलेली गेली. तिच्या आदी उंबऱ्याआत पानी पिऊन तिला काय तोंड दावू?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेविला. "पुढल्या साली लाँच हाय की."

त्याच दुपारी आम्ही निघालो. ती फाट्यापर्यंत आली नाही, शेजारणीची वेळ संपली होती.

पुढे दरवर्षी ते जात राहिले. लाँचचे तिकीट काढायचे, एक फेरी, एक जेवण, आणि परत. वर्षातला तेवढा तास बापलेकीचे बिऱ्हाड पाण्यावर असे. मी पुन्हा गेलो नाही. पण तांडेलाचे भाषण मला पाठ झाले, कारण मालक ते मला ऐकवीत.

द्रोण सोडणे मात्र बंद झाले. सायंकाळी ते नदीवर जात, काठावर बसत, पाण्यात उतरत नसत. मी एकदा म्हणालो, "संक्रांत आहे आज."

"हाय की. पर हिला आता काय सांगायचं, गुरुजी? हिचं सासर त्या टोकाला, माझ्या पोरीचं ह्या टोकाला. दोघींची गाठच न्हाई." आणि थोड्या वेळाने, "इतकी वर्सं उगं वझं दिलं हिला."

बाजारातली थट्टा पूर्ववत चालू होती. "लेक काय म्हन्ती?" यावर आता ते नुसते "बरी हाय" म्हणत. विचारणाऱ्यांनाही त्यात पूर्वीची गोडी राहिली नाही आणि हळूहळू ते नावही मागे पडले.

शेवटच्या वर्षांत त्यांचे गुडघे गेले, प्रवास सुटला. मुलीची सासू अजून खाटेवरच होती. तिला येता येईना, यांना जाता येईना. तेव्हापासून सायंकाळी जेवताना ते मला हाक मारीत. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसत असे. भिंतीकडची बैठक त्यांनी फिरविली होती. आता तोंड खोलीकडे, आणि समोर, लाँचवर लेक बसे त्या जागी, दुसरी पत्रावळ मांडलेली. एका काठावर तांब्या, दुसऱ्यावर गुडघा. त्या बंद खोलीत वारा नव्हता, तरी.

"डाव्या हाताला जकातघर," ते सुरू करीत. "वाऱ्यालाबी थांबावं लागं. म्होरं बर्फाचा कारखाना. ह्यो तांबडा बोया. आन् ही खाडी, बगा गुरुजी, हिकडं गढूळ, तिकडं निळं." घास घेत घेत ते दीपगृहापर्यंत येत. दीपगृहाशी लाँच वळसा घेते, हे मला माहीत होते. तिथे वर्णन संपे आणि ते समोरच्या पत्रावळीकडे पाहत सावकाश जेवत राहत.

मी एकदा विचारले, "मालक, लाँच परत फिरते ते कधी सांगत नाही. पुढे धक्का येतो ना?"

"घास हाय की हातात," ते म्हणाले. "जेवतानी कुनी उतरतंय का?"

त्यानंतर मी कधी विचारले नाही. जोवर माझे त्या माडीवर वास्तव्य होते तोवर रोज सायंकाळी ती लाँच सेलूच्या त्या खोलीतून निघे, दीपगृहाला वळसा घेई, आणि धक्का येण्यापूर्वीच ते दोन्ही पत्रावळी उचलीत. एक खरकटी, आणि एक कोरी, जी ते पुसून, उजेडाकडे धरून, पुन्हा भाऱ्यात ठेवून देत.